नवरदेवाची घोडी आणि देवीडॉक्टर

२६ ऑक्टोबर १९५८, रविवार. दिवाळी तोंडावर आली होती आणि मी मागच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतेरा देत होते. भिंत अर्धी झाली तेव्हा दारात घोडी आली. त्या दिवाळीला आमची भिंत अर्धीच राहिली.

घोडी मीच बोलावली होती. घरात दुसऱ्या कुणाला तिची गरज वाटत नव्हती. ज्यांच्यासाठी आणली त्या माझ्या दिरांना तर मुळीच नाही. त्यांनी दारात घोडी पाहिली आणि ते मागच्या दारानं परसात निघून गेले. (घरात कुणीही नवीन आलं की ते हेच करत. घोडीपुरता अपवाद करावा असं त्यांना वाटलं नाही, एवढंच.)

दिगंबर भाऊजी तेव्हा तेवीस वर्षांचे. मॅट्रिक पास, अक्षर सुरेख, अंगाला शिस्त. फक्त तोंड उघडत नसत. रस्त्यात कुणी राम राम घातला तर हा नक्की कुणाला घातला, म्हणून मागं वळून बघायचे. अशा माणसाला सरकारनं देवी टोचायची नोकरी दिली! म्हणजे रोज नव्या गावात जायचं, अनोळखी बायकांची समजूत घालायची आणि त्यांच्या कडेवरची रडकी लेकरं धरून त्यांच्या दंडाला टोचायचं. सरकार माणसाची पारख करत नाही असं नाही. सरकार माणसाकडं बघतच नाही.

पहिला महिनाभर भाऊजी आमच्या ईट गावाच्या आसपासची गावं फिरले. फिरले म्हणजे प्रत्येक गावच्या वेशीत पेटी घेऊन उभे राहिले. कुणीतरी "कोण हो तुम्ही?" असं विचारेल, मग सांगू, असा त्यांचा बेत. एका गावात बायका धावत आल्या, कारण पेटी बघून त्यांना कासार आला असं वाटलं. पेटीत बांगड्या नाहीत म्हटल्यावर त्यांनी भाऊजींना जे सुनावलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि जे कळलं ते इथं लिहिता येत नाही. भाऊजी घरी येऊन म्हणाले, "वहिनी, मी उद्यापासून जात नाही."

त्यांचं हे त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं वाक्य.

पण जाणं भाग होतं. नोकरी हंगामी होती. उन्हाळ्याच्या आत जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार, वाटून दिलेल्या गावांपैकी एक जरी टोचायचं राहिलं तर घरी बसायचं, असा हुकूम होता. आणि त्यातलं एक गाव म्हणजे टेकडीपलीकडची वाडी. तिथल्या लोकांनी भाऊजींच्या आधीच्या माणसाला कुत्री सोडून पिटाळलं होतं. त्या माणसानं मग किराणा दुकान काढलं. आमच्याकडं दुकान काढायला जागा नव्हती. हे ईटच्या शाळेत मास्तर, कमावता माणूस तेवढा एक, आणि जेवायला सात पानं.

मला त्यावर उपाय ठाऊक होता. माझे वडील निजामाच्या राज्यात परंड्याला गिरदावर होते. शेतसाऱ्याच्या कामासाठी गावोगाव फिरायचं, म्हणून घरी घोडा. वडील मुळात घुमे. पण घोड्याला वैरण लागते, पाणी लागतं, नाल लागतात, दुपारी सावली लागते, आणि यातलं काहीही न बोलता मिळत नाही! दहा वर्षांत वडील इतके बोलके झाले की पान वाढलंय हे सांगायला आईला मध्ये फट सापडेना. जे गिरदावराला लागू पडलं ते देवीडॉक्टरला का पडू नये?

"माझ्या माहेरी घोडा होता," हे वाक्य मी सासरी पंधरा वर्षं वापरत होते. तो घोडा मी खिडकीतून बघत असे, हे सांगायचं राहून गेलं होतं.

घोडी विकणारा बाबूमियाँ भूमचा. टांगा मोडून तो बार्शीला मोटारीवर क्लीनर होणार होता. त्यानं घोडीची पाठ थोपटली.

"भाभी, मैना नाव हिचं. जानवर लई शरीफ. लाथ न्हाय, चावा न्हाय. आजवर नवरदेवाबिगर कुणाला पाठीवर घेतलं न्हाय हिनं!"

"म्हणजे घरंदाज आहे," मी यांना म्हटलं.

हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे वरातीची आहे."

मी लक्ष दिलं नाही. घोडी पांढरी होती, आयाळीला मेंदी लावलेली होती, कपाळावर गोंडे बांधून बांधून केस घासले गेले होते. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि म्हटलं, "कुणा हौशी माणसाकडची दिसते." बाबूमियाँनं जाताना भाऊजींना एकच सांगितलं, "बेटा, हिच्याशी बोलत ऱ्हायाचं. लगाम तर निस्ता दिखावा." भाऊजी परसात असल्यामुळं हे त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं.

मी नियम घालून दिले. एक, घोडी भाऊजींची. दुसरं, तिचा कडबा मी देणार नाही, तो रोज गावात कुणाकडं तरी मागून आणायचा. "मागून?" भाऊजींचा चेहरा उतरला. "तोंडानं," मी म्हटलं. तिसऱ्या नियमाआधी ते परसात गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसायला शिकवलं. मी ओट्यावर उभी, भाऊजी घोडीवर.

"टाचा खाली! पाठ ताठ! लगाम ओढा!"

भाऊजींनी लगाम ओढला. मैना पुढं गेली नाही. तिनं मान वाकवली, पुढचा उजवा पाय उचलला, ठेवला, डावा उचलला, ठेवला. जागच्या जागी.

"ही काय करते, वहिनी?"

"अंग मोकळं करते," मी ठामपणे सांगितलं. (माझ्या माहेरी घोडा होता!) पंधरा मिनिटं झाली तरी अंग मोकळं होईना, तेव्हा मी ओट्यावरून उतरून तिला एक चापट मारली. मैना निघाली. डौलात, एकेक पाऊल मोजत ती गल्लीतून गेली, पेठेतून गेली आणि मारुतीच्या देवळासमोर जाऊन जी उभी राहिली ती राहिलीच. लगाम ओढला की नाचायची, सोडला की थांबायची. पुढं नाही, मागं नाही.

आमच्याकडं नवरदेव लग्नाआधी घोडीवर बसून मारुतीला जातो, हे मी सांगायला नको. हे गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. पारावर बसलेल्यांनाही.

"आँ, दिगंबरराव! लगीन ठरलं आन् आमाला खबर न्हाय?"

"नवरी कुठली म्हणायची?"

"आवो, बाशिंग इसरलं की घरी!"

भाऊजी तिथं तासभर बसून होते. उतरायचं तर लोकांमधून जावं लागणार, म्हणून ते उतरलेही नाहीत. शेवटी देवळात आलेल्या एका म्हातारीला दया आली का गंमत वाटली देव जाणे. तिनं हातातल्या निरांजनानं घोडीला ओवाळलं आणि प्रसादाची मूठभर डाळ तिच्या तोंडापुढं धरली. मैनेनं डाळ खाल्ली, मान हलवली आणि मुकाट्यानं घरी आली.

म्हणजे तंत्र कळलं. प्रत्येक गावात घोडी आपली आपण मारुतीला जाणार. तिथं एखाद्या बाईनं ओवाळून डाळ घातल्याशिवाय हलणार नाही.

"वहिनी, घोडी परत करा," भाऊजी काकुळतीला आले.

"बाबूमियाँ बार्शीला गेला."

"मग मी चालत जातो."

"सतरा गावं आहेत."

ज्या माणसाला "पाणी द्या" म्हणता येत नव्हतं, त्याला आता रोज परक्या गावात परक्या बाईला सांगावं लागणार होतं, "बाई, माझ्या घोडीला जरा ओवाळता का?" पहिल्या गावात ते सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत घोडीवर गप्प बसून होते. बाराच्या उन्हानं त्यांचं तोंड उघडलं. दुसऱ्या गावात दहालाच उघडलं. तिसऱ्या गावापर्यंत त्यांच्या ध्यानात आलं की आपण काही बोलायच्या आतच माणसं जमतात. नवरदेवाशिवाय आलेली नवरदेवाची घोडी बघायला कोण थांबणार नाही? पोरं गोळा होतात, पोरांच्या मागून आया येतात, आणि सगळे हसत असले की कुणी कुत्रं सोडत नाही. तिथंच पारावर पेटी उघडायची.

तिकडं घरी घोडीचं अंग घासून खरारा करताना ते मैनेशी बोलायला लागले. आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. आज कुठं गेलो, कुठल्या बाईनं ताक दिलं, कुठलं पोर चावलं. कडबा मागायला जात ते अर्ध्या तासानं परत येत, मग तासानं, मग जेवणं उरकली तरी येईनात. नालबंद त्यांना "दिगूदादा" म्हणायला लागला. माघ महिन्यात एकदा दारात पाहुणे आले तर भाऊजी पुढच्या दारानं बाहेर गेले आणि म्हणाले, "या, बसा!" मी स्वयंपाकघरात होते, हातातली पळी खाली पडली.

या सगळ्याचं श्रेय मी घेतलं. मोकळ्या मनानं घेतलं. शेजारणींना सांगितलं, यांना सांगितलं, आणि चार दिवस राहायला आलेल्या बहिणीला तर दोनदा.

सोळा गावं झाली. राहिली टेकडीपलीकडची वाडी.

फाल्गुन उजाडला. साहेब सोमवारी येणार, असा निरोप शुक्रवारी आला. शनिवारी सकाळी मी पदर खोचला आणि म्हटलं, "भाऊजी, मी येते बरोबर."

"कशाला, वहिनी?"

"ती वाडी काही साधी नाही. तिथं बोलणारं माणूस पाहिजे. मी बोलते, तुम्ही फक्त टोचा."

भाऊजी मैनेकडं बघून म्हणाले, "बघू." ते मला म्हणाले का तिला, कळलं नाही.

हे शाळेला निघता निघता म्हणाले, "तू बोलणार आहेस, तर साहेबांना आजच तार केलेली बरी." मी वहाणा घातल्या.

चालत निघालो. मैना पुढं, तिच्या पाठीवर पेटी, लगाम भाऊजींच्या हातात, मागं मी. टेकडी उतरताना बाभळीचा काटा वहाणेतून थेट टाचेत गेला. काटा निघाला, पण पाय टेकवेना. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बसा घोडीवर. मी धरतो."

मी गिरदावराची लेक! नाही कशी म्हणणार? नऊवारी असल्यामुळं बसण्याची अडचण नव्हती, चढण्याची होती. मी एका धोंड्यावरून चढले, पलीकडून उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या खेपेला राहिले. पेटी भाऊजींनी खांद्यावर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी घोड्यावर बसले होते, आणि वरून बघताना मला वाटलं, हे काही अवघड नाही.

तेवढ्यात वाडीकडून हलगी वाजली.

मैनेचे कान उभे राहिले. सनई लागली. मैनेनं मान वाकवली, भाऊजींच्या हातून लगाम हिसकला आणि मला घेऊन निघाली. भाऊजी मागून ओरडत होते, "वहिनी, लगाम ओढू नका! ओढू नका!" पण पडायला लागलं की माणूस हाताला येईल ते ओढतं. मी ओढला. मैना नाचायला लागली.

वाडीत लग्न होतं. मारुतीच्या पुढं नवरदेव बाशिंग बांधून जमिनीवर फतकल मारून बसला होता, कारण त्याची घोडी आली नव्हती. वाडीतल्या दर लग्नाला बाबूमियाँची मैना यायची. यंदाही त्यांनी निरोप पाठवला होता, तो बार्शीच्या वाटेवर कुठं तरी राहिला. घोडीशिवाय मांडवात येणार नाही, म्हणून नवरदेव रुसलेला. मुहूर्त जवळ आलेला. सगळी वाडी वाटेकडं डोळे लावून बसलेली. आणि त्या वाटेनं नाचत नाचत मैना आली, पाठीवर मी!

"आली! घोडी आली!" कुणी तरी ओरडलं.

"वर कोण हाय?"

"बाई हाय."

"नवरी कशाला घोडीवर बसवली रं?"

"आरं, त्या वयाची नवरी आसती व्हय!"

हलगीवाल्याला हुरूप आला, त्यानं ठेका वाढवला. मैनेनंही वाढवला. मी दोन्ही हातांनी तिची मेंदी लावलेली आयाळ धरून वरखाली होत होते. हसू आवरेना म्हणून बायका एकमेकींच्या खांद्यावर पडत होत्या. आता याच्यात मी हसले असते तर काम झालं असतं. पण मला बोलायचं होतं. मी बोलायला आले होते!

"हसता काय?" मी घोडीवरून ओरडले. "लेकरं झाकून ठेवता, देवी टोचून घेत नाही! साथ आली म्हणजे कळेल. पटापट मरतील पोरं, मग वाजवा हलग्या!"

हलगी थांबली. सनई थांबली. मैनासुद्धा थांबली.

लग्नाच्या मांडवासमोर, नवरा मुलगा बाशिंग बांधून बसलेला असताना मी मरणाचं नाव काढलं होतं. बायकांनी लेकरं पदराखाली घेतली. गर्दीतून एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. नवरीची आजी, राहीबाई. वाडीत तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, हे तिनं न सांगताच कळत होतं.

"बाई, त्वांड हाय का तोफ?" ती म्हणाली. मग मागं वळून, "कोण हाय रं हिच्यासंगं? घिऊन जावा हिला."

भाऊजींची नोकरी मी जेमतेम एका मिनिटात घालवली होती.

भाऊजी धापा टाकत पोचले. मला वाटलं, आता हे मागच्या वाटेनं पसार होणार. वाडीला मागची वाट होती, मी वरून पाहिली होती. पण ते आले, आधी मैनेपाशी गेले, तिच्या मानेवर हात ठेवला, "दमलीस का गं?" म्हणाले, आणि मग म्हातारीकडं वळले.

"आजी, चुकलं आमचं. शुभकार्यात असं बोलू नये. आता एक उपकार करा. ही घोडी ओवाळल्याबिगर हलत नाही, आणि ती हलल्याबिगर वहिनींना नेता येत नाही. मूठभर डाळ मिळेल का?"

म्हातारीच्या मिटलेल्या तोंडाचा चंबू सुटला, ती हसली. "वयनीला न्ह्यायाचं आसंल तर शेरभर दीन."

सगळे हसले. आरती आली, डाळ आली. मैनेला ओवाळलं. (मलाही ओवाळल्यासारखं झालं, मी डोळे मिटून घेतले.) मला दोन बायकांनी उतरवलं, पोतं उतरवतात तसं.

आता भाऊजींनी काय करावं, हे मला स्पष्ट दिसत होतं. घोडी आपल्याकडं आहे, नवरदेव अडलेला आहे, मुहूर्त टळतोय. मी त्यांच्या कानाशी लागले, "आधी टोचून घ्यायला लावा, मग घोडी द्या!"

"वहिनी, गप्प बसा," भाऊजी म्हणाले.

हे वाक्य मला त्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. धक्क्यानं मी खरंच गप्प बसले.

भाऊजींनी नवरदेवाला हाताला धरून उठवलं, खोगीर नीट केलं, स्वतः रिकीब धरली आणि त्याला मैनेवर बसवलं. "लगाम सैल धरा, दाजी. तिला सगळं ठाऊक आहे." अट नाही, देवीचं नाव नाही, काही नाही! हलगी कडाडली, मैना निघाली, आणि आमची नोकरी तिच्या मागून नाचत मांडवात गेली. मी पारावर टाच धरून बसले आणि साहेबांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करू लागले.

लग्न लागलं. पंगती उठल्या. भाऊजींना आग्रहानं वाढलं. मला शिस्तीत वाढलं. जेवण झाल्यावर पोरं मैनेभोवती जमली. भाऊजी त्यांना खरारा कसा करायचा ते दाखवत होते. मागून जायचं नाही, आधी बोलायचं, हात दाखवायचा, मग लावायचा. राहीबाई काठीवर हनुवटी टेकून बघत होती.

"घोडी दिलीस, काय मागितलं न्हाईस," ती म्हणाली. "आता बोल. कशाला आलतास?"

"पोरांना देवी टोचायला."

"देवी कोपली म्हंजे?"

"आजी, कोपणार नाही. पण दंड दुखेल. ताप येईल. खाज सुटेल आणि खाजवायचं नाही. पोरं आठवडाभर किरकिर करतील. हे सगळं होईल, खोटं कशाला सांगू? पण रोग होणार नाही."

सोळा गावं फिरून हे वाक्य तयार झालं होतं. मला ते सुचलं नसतं. मी फक्त शेवटचा तुकडा सांगितला असता, तोही दम देऊन.

म्हातारीनं काठी उचलली आणि माझ्याकडं रोखली.

"हिनं घेतलीय?"

सगळी वाडी माझ्याकडं वळली.

आता खरं सांगायची वेळ आली. परंड्याला आमच्या घरी देवी टोचणारा आला होता तेव्हा मी सात वर्षांची होते. बहिणींना टोचलं. मी वरच्या माळ्यावर, कडब्याच्या पेंढ्यांमागं दिवसभर बसून राहिले. पुढं लग्न झालं, मुलं झाली, मुलांना मी स्वतः धरून टोचवलं, "काय भित्रट आहेस!" म्हणून चापट्याही दिल्या. माझा दंड मात्र कोराच होता. मी पदर दंडावर ओढून घेतला. नको तिथं हात जातो तो असा.

"दावा की हात, मास्तरीणबाई!"

"वहिनी?" भाऊजींनाही हे नवीनच होतं.

"अहो, माझं वय..." मी म्हटलं.

"देवी वय बघती व्हय?" राहीबाई म्हणाली. "आधी हिला टोच. ही ऱ्हायली तर आमी बघू."

पळायला पाय धड नव्हता. मला पारावर बसवलं. दोघी बायकांनी दोन बाजूंनी धरलं, आणि त्यांच्या धरण्यात मला थोडा जास्तच उत्साह वाटला. भाऊजींनी दंड पुसला. "वहिनी, तिकडं मैनेकडं बघा," ते म्हणाले, अगदी लहान मुलाला सांगतात त्या आवाजात. मी मैनेकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

मग मी ओरडले.

किती जोरात, ते मला सांगता येणार नाही. पण पिंपळावरचे बगळे उठले, मांडवातली नवरी बाहेर आली, आणि मैना, जिनं आयुष्यभर हलगी, सनई, फटाके सोसले, ती दावं तोडून वेशीपर्यंत गेली. टोचणी अजून लागायची होती.

एक पाच वर्षांचं पोर पोट धरून हसत पुढं आलं. "म्या न्हाय वरडत! मला टोच!" ते खरंच ओरडलं नाही. मग दुसरं आलं, "म्या बी न्हाय!" मग रांगच लागली. बाईपेक्षा कमी ओरडायचं, अशी पैज, आणि ती हरणं कुणालाच शक्य नव्हतं. आया आल्या. हलगीवाला आला. राहीबाईनं नातवंडांना एकेक करून पुढं ढकललं, आणि दर खेपेला माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ, ह्ये बी गप हाय." दिवस मावळायच्या आत वाडीत टोचायचं एकही माणूस उरलं नाही.

सोमवारी साहेब आले, वाडीला जाऊन दंड बघून आले आणि म्हणाले, "कमाल आहे! या वाडीला वळवलं कसं?"

"आमच्या वहिनी बरोबर होत्या," भाऊजी म्हणाले. खोटं ते कधीच बोलत नसत. नोकरी कायम झाली.

पण ते सोमवारचं. त्याआधी रविवारची सकाळ होती. रात्रभर मला राहीबाईचा तो चेहरा दिसत होता, मी मांडवासमोर मरणाचं नाव काढलं तेव्हाचा. उठल्या उठल्या मी टाच बांधली आणि भाऊजींना म्हटलं, "मी वाडीला जाऊन म्हातारीची माफी मागून येते. सुरुवात काय करू, तेवढं सांगा."

भाऊजी मैनेला वैरण घालत होते. "वहिनी, सुरुवातीला काही बोलूच नका. नुसतं उभं राहायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"मग इथं उभ्या राहा, मैनेपासून चार पावलांवर. हाक मारायची नाही, खुणावायचं नाही. ती आपण होऊन जवळ आली की वाडीला निघा."

मी दंड सांभाळत, एका टाचेवर, तोंड मिटून उभी राहिले. हे चहाचा पेला घेऊन बाहेर आले, माझ्याकडं पाहिलं आणि शेजाऱ्यांना बोलावून आणलं. मैना पाचव्या मिनिटाला आली. पण चौथ्याच मिनिटाला मी तिला, "येतेस का नाही आता?" असं विचारून बसले होते, म्हणून भाऊजींनी मला पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. वाडीला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती.